कादिझची गल्लीभटकंती आणि तापास: गाईडसोबत जावं का?

खाडीपार

मंडळी, स्पेनला जाणारे आपले बहुतेक लोक माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिया, ग्रानादा करून परततात. सेव्हियाहून रेल्वेने पावणेदोन तासांवर असलेलं कादिझ त्यात राहून जातं. मासे खाणाऱ्या, समुद्राकाठी वाढलेल्या माणसाने ते चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

जुनं शहर तिन्ही बाजूंनी अटलांटिकने वेढलेलं आहे, जमिनीशी जोडणारी पट्टी अगदी अरुंद. प्राचीन काळी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे बंदर पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. आम्ही एका स्थानिक परवानाधारक गाईडबरोबर चालत फिरलो. चालणं, थांबणं, तापास म्हणजे छोट्या ताटातले पदार्थ एक-एक घास खाणं, पुन्हा चालणं, असा सगळा क्रम. अशा टूर साधारण तीन-साडेतीन तासांच्या असतात आणि गट लहान असेल तरच मजा येते.

सुरुवात मासळीबाजारातून झाली आणि माझ्या मते ती तिथूनच व्हायला हवी. मेर्कादो सेंत्राल ही १८३८ सालची इमारत, भोवती दगडी खांबांची ओळ आणि मधोमध मासळीचे ओटे. कोळणी नाहीत, बहुतेक विक्रेते पुरुष, पण ओरडून बोलवणं, मासा उचलून कल्ला उघडून दाखवणं, ओळखीच्या गिऱ्हाइकाला बाजूला काढून ठेवलेलं देणं, हे सगळं ओळखीचं. कुपा (ट्यूना) आडवा पडलेला आणि त्याचे तुकडे जागेनुसार वेगवेगळ्या भावाने विकले जात होते. पोटाचा तेलकट भाग सगळ्यात महाग. बांगड्याचा भाऊबंद काबाया, लेप्यासारखी छोटी आसेदिया, माकूल, मुशीच्या जातीचा कासोन. गाईड एकेक नाव सांगत होती आणि आम्ही आपसात मराठी नावं लावत होतो. तिला ते इतकं आवडलं की तिने वहीत लिहून घेतली.

त्याच कासोनचे तुकडे पुढे एका फ्रेइदुरियात खाल्ले. फ्रेइदुरिया म्हणजे तळलेल्या माशांचं दुकान. कागदाच्या पुड्यात मासा मिळतो आणि बाहेर चौकात उभं राहून खायचा. मुशीला व्हिनेगर, लसूण, ओरेगानो, लाल तिखट आणि जिरं लावून मुरवतात, मग पिठात घोळवून तळतात. जिऱ्याचा वास आला तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांनीच एकदम मान वर केली. मुशीला जो उग्र दर्प असतो तो व्हिनेगरने पार जातो. आपल्याकडे त्यासाठी चिंच-कोकम घालतात, इथे हे.

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती तोर्तियीता दे कामारोनेस. उपसागरातल्या खाजणांत मिळणारी बारीक कोलंबी, जवळ्याहून थोडी मोठी, सालासकट. गव्हाचं पीठ आणि चण्याचं पीठ, पातीचा कांदा, पार्सली, पाणी, मीठ. पीठ इतकं पातळ की चमच्याने तेलात सोडलं की पसरून जाळी पडते. कडा कुरकुरीत, मध्ये किंचित मऊ, आणि प्रत्येक घासात समुद्राची चव. चांगली झाली की नाही हे उजेडासमोर धरून बघायचं, आरपार दिसली पाहिजे, असं गाईडने सांगितलं. जवळ्याची भजी खात मोठ्या झालेल्या माणसाने डोळे मिटून खावी अशी गोष्ट आहे.

नंतर ला विन्या या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथे कासा मान्तेका या प्रसिद्ध दुकानात चिचार्रोनेस मिळतात. डुकराच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, वर जाड मीठ आणि लिंबू, आणि ताट नाही, मेणकागदावरच वाढतात. भिंतींवर बैलझुंजीची चित्रं आणि छायाचित्रं. शेवट ला कालेताच्या पुळणीवर, दोन किल्ल्यांच्या मधल्या त्या छोट्याशा अर्धवर्तुळात.

कुणाला जायचं असेल तर विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगतो.

शेवंती

वाचताना पाणी सुटलं तोंडाला! आम्ही ऑक्टोबरात जातोय. बरोबर सासूबाई आहेत, वय बहात्तर, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यांना अशा टूरवर नेणं म्हणजे त्यांना उपाशी चालवणं होईल का? आणि चढ-उतार किती?

खाडीपार

शेवंतीताई, चालण्याची काळजी करू नका. जुनं शहर जवळजवळ सपाट आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन किलोमीटरच्या आतबाहेर, आणि दर दोन-तीन गल्ल्यांनंतर झाडांचा चौक आणि बाकडी. फक्त तोर्रे ताविरा या जुन्या टेहळणी बुरुजाला जिना चढावा लागतो. त्यांना खाली बसवा, तुम्ही वर जा.

खाण्याचं मात्र आधी बोलून ठेवावं लागेल. टूरचं आरक्षण करतानाच लिहा: मासे, मांस, अंडं, काहीही नाही. नुसतं शाकाहारी म्हटलं तर ट्यूना घातलेली बटाट्याची कोशिंबीर समोर येते.

त्यांच्यासाठी पापास आलिन्यास बघा. उकडलेल्या बटाट्याला पातीचा कांदा, पार्सली, शेरी या स्पॅनिश वाइनचं व्हिनेगर आणि भरपूर ऑलिव्ह तेल. वर ट्यूना किंवा अंडं असतं, ते नको म्हणून सांगायचं. इतका साधा पदार्थ, पण बटाटा गरम असतानाच व्हिनेगर घालतात त्यामुळे आतपर्यंत मुरतो. तागार्निनास नावाची रानभाजी असते, काटेरी झाडाचे देठ, लसूण, जिरं, लाल तिखट आणि तळलेल्या पावाच्या वाटणात शिजवलेले. ती हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला मिळते, तुमच्या ऑक्टोबरात बहुधा नाही. पालक-चण्याची भाजी सेव्हियाची खरी, पण इथेही दिसते. पायोयो हे ग्रासालेमाच्या डोंगरातल्या शेळीच्या दुधाचं चीज उत्तम आहे, पण स्पेनमधल्या बऱ्याच चीजमध्ये जनावराच्या पोटातलं विरजण वापरतात. सासूबाई काटेकोर असतील तर विचारून घ्या. आणि तळणाचं तेल मासे-भाज्यांना एकच असतं.

दर्यावर्दी

लेख छान, पण एका मुद्द्यावर माझं वेगळं मत. मी सेव्हियात राहतो, कादिझला जाणं-येणं असतं. तिथे गाईडची गरज नाही. पालिकेने जुन्या शहरात फुटपाथवर रंगीत रेघा ओढल्या आहेत, एकेका रंगाची रेघ धरून चाललं की एकेक मार्ग पूर्ण होतो. खाण्याचं तर मुळीच ठरवून ठेवू नये. गाईड सगळ्यांना एकाच ठरलेल्या दुकानांत नेतात, ताटं आधीच लावलेली, आणि तापास खाण्यातला जो खरा आनंद, म्हणजे काउंटरला रेलून उभं राहणं, शेजारच्याच्या ताटात काय आहे ते बघून तेच मागणं, दोन घास खाऊन पुढच्या दुकानात जाणं, तो हरवतो.

नव्या माणसासाठी थोडं सांगतो. फळ्यावर प्रत्येक पदार्थाचे बहुधा तीन भाव असतात: तापा म्हणजे एकाला चाखण्यापुरतं, मेदिया रासिओन म्हणजे दोघांना, रासिओन म्हणजे अख्खं ताट. चार जण असाल तर मेदिया मागा. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट येतो, कादिझात तसं नाही, पैसे द्यावे लागतात आणि ते योग्यच आहे. एका दुकानात सगळं मागवून बसून राहू नका. प्रत्येक दुकानाची एकच गोष्ट चांगली असते, ती खा आणि उठा. दुपारचं स्वयंपाकघर दीड-दोनला सुरू होऊन चारच्या सुमारास बंद होतं, रात्रीचं साडेआठच्या आधी नाही. संध्याकाळी सहाला भूक लागलेला भारतीय प्रवासी तिथे फार हाल सोसतो.

नकाशावाला

खाण्याच्या धाग्यात इतिहास घुसवतोय, पण कादिझच्या बाबतीत ते दोन वेगळे करता येत नाहीत.

१७१७ साली अमेरिकेच्या व्यापारावर ताबा ठेवणारं सरकारी कार्यालय सेव्हियाहून कादिझला हलवलं गेलं. ग्वादाल्कीवीर नदी गाळाने भरत चालली होती, मोठी जहाजं सेव्हियापर्यंत जाईनात. त्यानंतरची साठेक वर्षं हे शहर युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत बंदरांपैकी एक होतं. चांदी, कोको, साखर, नीळ, कोचिनीलचा लाल रंग, सगळं इथे उतरायचं. त्या संपत्तीच्या मागे वसाहतींतली लूट आणि गुलामांचा व्यापार होता, हेही गाईडने सांगायला हवं. चांगले गाईड सांगतात.

घरं बघताना खालून वर बघा. तळमजल्यावर कोठार, त्यावर पोटमाळ्यासारख्या मजल्यावर कचेरी, मग व्यापाऱ्याचं कुटुंब, वर नोकरचाकर, आणि गच्चीवर बुरूज. आपलं जहाज क्षितिजावर दिसलं की पहिली खबर मिळावी म्हणून हे बुरूज. अजून शंभराहून जास्त उभे आहेत, पण गल्ल्या इतक्या अरुंद की खालून ते दिसतच नाहीत. म्हणून तोर्रे ताविरा चढायची. १७७८ मध्ये हा बुरूज बंदराचा अधिकृत टेहळणी बुरूज झाला, पहिला टेहळ्या आंतोनिओ ताविरा, त्याचंच नाव राहिलं. वर एका अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगांनी शहराचं हलतं चित्र पांढऱ्या गोल तबकडीवर पाडतात. वाळत घातलेले कपडे वाऱ्याने हलताना दिसतात. १९९४ पासून ही सोय आहे.

आणि गल्लीच्या कोपऱ्यांवर जमिनीत उभ्या पुरलेल्या जुन्या तोफा बघा. घोडागाड्या वळताना घराचा कोपरा घासू नये म्हणून बसवल्या आहेत. भिंतींचा दगडही हाताने चाचपून बघा. त्यात शिंपले अडकलेले दिसतील, समुद्रानेच तयार केलेला दगड आहे तो.

खाडीपार

नकाशावाला, तोफांचं आम्हालाही गाईडनेच दाखवलं, नाहीतर लोखंडी खांब समजून पुढे गेलो असतो.

दर्यावर्दी, तुमचं म्हणणं समजतं आणि ठरलेल्या ताटांबद्दल ते खरंही आहे. म्हणून टूर निवडताना विचारावं: काउंटरला उभं राहून खायचं की टेबलं राखून ठेवलेली? किती दुकानं? गट किती जणांचा? बारापेक्षा जास्त माणसं म्हटली तर मी जाणार नाही.

पण रंगीत रेघ बोलत नाही. ला विन्यात काये दे ला पाल्मा नावाची रस्तावजा गल्ली आहे, दोन्ही बाजूंना मासळीची हॉटेलं. गाईडने तिथे चर्चजवळ थांबवून भिंतीवरची पाटी दाखवली. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनचा भूकंप झाला, त्याची सुनामी कादिझवर आली. शहराबाहेर पळणारे लोक त्या अरुंद पट्टीवर लाटेत सापडले. ला विन्यात पाणी शिरलं तेव्हा चर्चमधून मेरीमातेचा ध्वज घेऊन धर्मगुरू बाहेर आले आणि पाणी तिथेच थांबलं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. दर वर्षी १ नोव्हेंबरला मिरवणूक निघते. गाईड हे सांगताना शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा खाणं थांबवून ऐकत होते आणि मध्येच त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेलं काहीतरी जोडलं, तिने ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं. स्पॅनिश न येणाऱ्या माणसाला ही दारं दुसरं कोण उघडून देणार? तुम्ही तिथे राहता, तुम्हाला ती भाषा येते. आमच्यासारख्याने पहिल्या दिवशी गाईड घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगता तसं एकट्याने हिंडावं.

दर्यावर्दी

पहिला दिवस गाईड, दुसरा दिवस मोकळा, हे मान्य. तेवढी दुरुस्ती माझ्या मतात करतो.

कोरांटी

मी गोव्याची, म्हणून मला एका वेगळ्याच जागेबद्दल लिहायचंय. सान फेलिपे नेरी हे लंबगोल आकाराचं प्रार्थनागृह. नेपोलियनच्या फौजांनी १८१० ते १८१२ कादिझला वेढा दिला होता, शहर पडलं नाही, आणि त्या वेढ्यातच स्पेनचे प्रतिनिधी जमून संविधान लिहीत होते. १९ मार्च १८१२ ला ते जाहीर झालं. सार्वभौमत्व राजाचं नाही, राष्ट्राचं, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेतल्या वसाहतींचे प्रतिनिधीही त्या सभेत होते. बायकांना त्यात जागा नव्हती आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वापासून दूर ठेवलं होतं, हेही खरं.

त्याचा गोव्याशी थेट संबंध आहे. १८२० मध्ये पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाली तेव्हा तिथल्या लोकांसमोर कादिझच्याच संविधानाचा नमुना होता. त्या क्रांतीमुळे १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत गोव्याचेच बर्नार्दु पेरिश द सिल्व्हा होते. आणि राममोहन रॉय यांनाही या संविधानाची एक आवृत्ती अर्पण केलेली आहे. बाहेरच्या भिंतीवर वेगवेगळ्या देशांनी लावलेल्या स्मृतिशिला वाचत मी बराच वेळ उभी होते. टूरवाले इथे पाच मिनिटं थांबतात. तुम्ही जास्त थांबा.

मीमुंबैकर

सुंदर धागा. कोरांटीताई, गोव्याचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

मिठाबद्दल कुणी लिहा ना. मुलुंड-भांडुपची मिठागरं बघत लोकलने प्रवास केलाय, कादिझच्या उपसागरातही मिठागरं आहेत असं वाचलं.

नकाशावाला

आहेत, आणि या शहराचं सगळं खाणं तिथूनच सुरू होतं. वसंतात कुपा अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे अंडी घालायला निघतो आणि जिब्राल्टरच्या आधी याच किनाऱ्याजवळून जातो. वाटेत जाळ्यांचा चक्रव्यूह लावून तो पकडायचा, याला आल्माद्राबा म्हणतात. फिनिशियन काळापासूनची ही परंपरा कोनील, बार्बाते, साआरा आणि तारीफा इथे अजून चालू आहे. पण एकदम इतका मासा आला की टिकवायचा कसा? उपसागरात मीठ तयार होतंच. मग खारवून, सुकवून, मडक्यांत भरून रोमपर्यंत. माशांच्या आतड्यांचा आंबवलेला खारट रस, गारुम, तो तर रोमन श्रीमंतांच्या ताटात लागायचाच. कादिझात जुन्या रोमन खारवणीच्या कारखान्याचे हौद आजही बघता येतात.

त्या परंपरेतला मोहामा जरूर खा. कुप्याची कमर मिठात घालून वाऱ्यावर सुकवतात, पातळ काप करून ऑलिव्ह तेल आणि बदामांबरोबर देतात. सुक्या मासळीची सवय असलेल्याला लगेच आवडेल. बरोबर मान्सानिया घ्या, सानलूकारची फिकी, कोरडी शेरी. दारू न घेणाऱ्यांनी नुसतं लिंबू पिळावं.

रोमन नाट्यगृहही याच वाटेवर, एल पोपुलो वस्तीत. शतकानुशतकं घरांखाली गाडलेलं होतं, १९८० मध्ये सापडलं. त्याच साली शहरात फिनिशियन स्त्रीची संगमरवरी शवपेटीही मिळाली. पुरुषाची १८८७ मध्येच मिळाली होती. दोन्ही आता प्लासा दे मिना या चौकातल्या संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत. आणि पायात बळ असेल तर कठपुतळ्यांच्या नाट्यगृहाखालचं गादिरचं, म्हणजे फिनिशियन काळातल्या कादिझचं, उत्खनन बघा, फिनिशियन घरांच्या मातीच्या भिंती आणि भट्ट्या जागच्या जागी आहेत.

शेवंती

सगळं लिहून घेतलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मासे तुम्ही खा, मला त्या संविधानाच्या देवळात आणि समुद्राकाठी न्या. आता शेवटचे प्रश्न: ऑक्टोबर बरा ना? आणि आठवड्यातला कोणता दिवस?

दर्यावर्दी

ऑक्टोबर चांगला, उन्हाळा ओसरलेला असतो. आल्माद्राबाचा ताजा कुपा मे-जूनचा, तो तुम्हाला ताजा नाही मिळणार, पण मोहामा वर्षभर असतो. फेब्रुवारीत कार्निव्हल असतो, तेव्हा गल्लोगल्ली विनोदी गाणी म्हणणारे गट आणि समुद्री साळिंदरांचा (काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवांचा) हंगाम. तो माहोल अफाट, पण वयस्कर माणसांना घेऊन नको, गर्दीत पाऊल ठेवायला जागा नसते.

एक लक्षात ठेवा, लेवान्ते हा पूर्वेचा वारा सुटला की टोपी, छत्री काही टिकत नाही आणि लोकही चिडचिडे होतात. तो असेल त्या दिवशी कालेताऐवजी गल्ल्यांतच राहा. पश्चिमेचा पोनिएन्ते असेल तर हवा गार आणि दमट, संध्याकाळी शाल लागेल.

खाडीपार

दिवसाचं मी सांगतो. रविवारी बाजार बंद, आणि सोमवारी मासळीचे ओटे ओस पडलेले असतात कारण आदल्या दिवशी होड्या गेलेल्या नसतात. त्यामुळे सकाळची बाजारवाली टूर मंगळवार ते शनिवार यांतच घ्या. अकराच्या सुमाराला सुरू होणारी बघा, म्हणजे चालून होईस्तोवर स्वयंपाकघरं उघडतात. सासूबाईंना प्लासा दे लास फ्लोरेसमध्ये फुलांच्या दुकानांजवळ बसवून तुम्ही मासा आणायला जाऊ शकता, तो चौक बाजाराला लागूनच आहे. टूरवाल्यांना पाठवायचं स्पॅनिश वाक्य हवं असेल तर कळवा, मासे-मांस-अंडं-जनावराचं विरजण सगळं घालून लिहून देतो. दर्यावर्दी तपासून देतील.

दर्यावर्दी

नक्की. इथेच टाका, म्हणजे पुढच्यांनाही उपयोगी पडेल.